चौऱ्याहत्तराव्या पानाची मागची बाजू

"पान उलटलं होतं का रे?"

बाबांनी चौथ्यांदा विचारलं.

विश्राम सरांच्या कपाळावर आठी पडली. काल दुपारपासून हा एकच प्रश्न चालला होता. पहिल्यांदा ते "हो" म्हणाले होते. दुसऱ्यांदा "उलटलं असेल". तिसऱ्यांदा त्यांनी नुसती मान हलवली होती.

"आठवत नाही, बाबा," ते आता म्हणाले. "आणि एका पानाचं एवढं काय आहे?"



मी चुलीपाशी बसलो होतो. चूल थंड होती आणि माझं डोकं तापलेलं होतं, कारण कालपासून मठात कुणाच्या पोटात अन्नाचा कण गेला नव्हता.

आमच्या मठाचा नियम साधा आहे. श्रावणात रोज दुपारी पोथी उघडायची. त्या दिवसाचा अध्याय झाला की ती लाल फडक्यात बांधायची. पोथी बांधली की मगच चूल पेटवायची. उघड्या पोथीसमोर कुणी जेवत नाही. मी तीस वर्षं इथं स्वयंपाक करतो, पण पोथी रात्रभर उघडी राहिलेली मी पाहिली नव्हती.

काल ती राहिली.

आमची पोथी देवादिकांची नाही. मठ बांधणाऱ्या थोरल्या बाबांनी स्वतःच्या हातानं लिहिलेली ती एका नावाड्याच्या लेकीची गोष्ट आहे. शंभरावर सुटी, लांबट पानं. वाचणारा पानाची पुढची बाजू वाचतो, पान उचलून उलटतो, मागची बाजू वाचतो आणि डाव्या हाताला ठेवतो. आमच्या भागोजीबाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, म्हणून यंदा वाचन सरांकडे आलं.

सर कॉलेजात मानसशास्त्र शिकवायचे. बायको वारल्यावर नोकरी सोडून आठ महिन्यांपूर्वी मठात आले. माणूस हुशार, त्यात वाद नाही. आपण हुशार आहोत हे ते कधी विसरत नाहीत, एवढीच काय ती खोट. माझ्या वरणात मीठ जास्त का पडतं, याचंही मनाच्या तळातलं कारण त्यांनी मला समजावून दिलं होतं. मीठ तरीही पडतंच.

तर काल चौऱ्याहत्तरावं पान आलं.

नावाड्याची लेक पुरात होडी घालते आणि डोहापाशी होडी फिरते. तिथं पानाची पुढची बाजू संपते. लेक बुडते ते मागच्या बाजूला आहे, आणि काठावर उभ्या असलेल्या तिच्या आईचा विलापही.

सरांनी मान वर केली. समोर पहिल्याच रांगेत कौतिकाबाई बसल्या होत्या. त्यांची पंचफुला तीन वर्षांपूर्वी शेतावरून येताना पूर्णेच्या पुरात गेली. सतरा वर्षांची होती. तिचा देहही मिळाला नाही.

सर थांबले. मग पुन्हा वाचू लागले, आणि जे वाचू लागले ते पोथीत नव्हतं.

लेक वाहत वाहत खालच्या गावाला लागली. मासे धरणाऱ्या माणसांनी तिला बाहेर ओढलं. आई अनवाणी धावत गेली, आणि मायलेकी भेटल्या. चांगली दहा मिनिटं त्यांनी हे सांगितलं, तेही थेट पोथीच्या भाषेत. ऐकताना मीसुद्धा थक्क झालो.

मंडपात कुणी हललं नाही. वाचणाऱ्याला मध्ये टोकायचं नाही, हाही आमचा नियमच. बाबांनीसुद्धा तो पाळला. वाचन संपल्यावर लोक मुकाट्यानं उठून घरी गेले. गोष्ट लोकांच्या मनाला भिडली, असं सर मला म्हणाले.

सर नवे होते. लोक पुढं काय होतं ते ऐकायला येतात, असं त्यांना वाटत होतं. या गावातल्या शेंबड्या पोरालाही ती लेक बुडते हे ठाऊक आहे. आणि सर दहा मिनिटं बोलत असताना त्यांच्या पुढ्यातलं पान उलटलं गेलं नाही, हे अक्षर न येणाऱ्या बायांनीही पाहिलं होतं.

बाबांनी पोथी बांधली नाही. तिच्यापुढं भिंतीला टेकून बसून राहिले, ते आज उजाडलं तरी तसेच होते.

"कोनासाठी बदललं?" बाबांनी विचारलं.

सर जरा सैलावले. हा प्रश्न त्यांच्या ओळखीचा होता.

ते बराच वेळ बोलले. गोष्ट वाचताना किंवा ऐकताना आपलं मन तिच्या आत जातं, तिथलं सुखदुःख आपलंच धरून चालतं, छाती तशीच धडधडते, असं म्हणाले. म्हणून गोष्ट सांभाळून द्यायला हवी. मेलेल्या मुलीच्या आईपुढं मुलगी बुडाल्याचं वाचणं म्हणजे भरत आलेली खपली काढणं, असं ते म्हणाले. तेरा वर्षं त्यांनी हेच शिकवलं होतं.

"तुले कसं ठाऊक?"

"अभ्यास आहे माझा, बाबा."

"थे मी इचारलं नाही."

 सरांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला आणि पुन्हा लावला. मठात येऊन धोतर नेसायला लागले होते, पण ते त्यांना अजून सांभाळता येत नव्हतं.

"मी स्वतः पाहिलंय," ते म्हणाले. आवाज हळू झाला होता. "हेमलता दवाखान्यात होती. माझी बायको. शेवटचे वीस दिवस मी तिला रोज वाचून दाखवायचो. घरातलंच एक जुनं पुस्तक होतं. त्यात शेवटी... शेवट वाईट होता. तो मी बदलून सांगितला. ती हसली. 'छान वाचता तुम्ही,' म्हणाली. दोन दिवसांनी शांतपणे गेली."

"तिनं काई इचारलं?"

"काही नाही."

 बाबांनी हात लांब करून उघड्या पोथीवरचं पान बोटांनी चाचपलं...

मला बाबांचा राग आला. बायको गेलेल्या माणसाला असं काय खोदून विचारायचं? चुकलं असेल बिचाऱ्याचं. पोथी बांधा, दोन घास खाऊ द्या, मग काय ते बोला. तोंडावर आलेलं हे बोलणं मी गिळलं.

तेवढ्यात शेवंता आली. कौतिकाबाईंची जाऊ. चालत नव्हे, जवळजवळ पळत आली होती. पायरीवरच बसली आणि धापा टाकत सांगू लागली.

कौतिकाबाईंनी कालपासून तोंडात पाणी घेतलेलं नव्हतं. दरसाल चौऱ्याहत्तराव्या पानाच्या दिवशी त्यांचा कडक उपास असतो. ते पान झालं की घरी जाऊन तो सोडतात. काल सोडला नाही. दारात बसून आहेत. बोलत नाहीत, कुणाकडं बघत नाहीत. त्यांना साखरेचा आजार, काल सकाळी गोळी तेवढी घेतलेली.

"हातपाय कापून राह्यले तिचे, बाबा," शेवंता म्हणाली. "गूळ देल्ला तं थुकून टाकला. म्हन्ते, पोथी झाली नाई तं मी कशी खाऊ?"

सरांचा चेहरा उतरला. ते ताडकन उठले.

आपण जाऊन समजावतो, म्हणाले. आशा दाखवली गेली आणि ती खोटी आहे हे मन आतून ओळखतं, त्यातून असं होतं. बोलून ते सुटू शकतं. डॉक्टरांनाही निरोप पाठवावा. हे सगळं ते चपला शोधता शोधता बोलत होते, आणि चपला त्यांच्या समोरच होत्या.

"विश्राम."

ते थांबले.

बाबांनी पोथीवरचं चौऱ्याहत्तरावं पान दोन्ही हातांनी उचललं. कपाळाला लावलं आणि सरांपुढं धरलं.

 पोथीचं पान मठाच्या उंबऱ्याबाहेर कधी गेलेलं नाही. आग लागली होती त्या वर्षी थोरल्या बाबांनी पोथी छातीशी धरून विहिरीच्या पायऱ्यांवर बसून रात्र काढली, पण आवार सोडलं नाही, असं सांगतात.

सरांनी हात पुढं केला नाही.

"बाबा, हे तिच्यापुढं आत्ता वाचायचं? या अवस्थेत?"

"हो."

"वाचून तिला काही झालं तर?"

"न वाचून होऊन राह्यलं नं."

"तुम्ही म्हणा ना. तुम्हाला पाठ आहे."

"पोथी ज्यानं उघडली त्यानंच पुरी करा लागते."

सर त्या पानाकडं बघत राहिले. मला वाटलं आता नाही म्हणतील, बोचकं उचलतील आणि बसस्टँडची वाट धरतील. त्यांच्या ओठांवर ते आलेलं मला दिसत होतं...

त्यांनी पान घेतलं. बाबांनी मला मानेनं खुणावलं, जा संगं.

वाटेत सर काही बोलले नाहीत. पान दोन्ही हातांवर आडवं धरून चालत होते. वारा सुटला की थांबत आणि पाठ करून उभे राहत.

कौतिकाबाई खरोखरच उंबऱ्यात बसलेल्या होत्या. ओठ सुकलेले. मांडीवर ठेवलेले हात थरथरत होते आणि ते लपवण्यासाठी त्यांनी पदर घट्ट धरला होता. चार बाया अंगणात उभ्या होत्या. कुणीतरी आणलेला पाण्याचा तांब्या तसाच भरलेला होता.

सर त्यांच्यापुढं जमिनीवर बसले आणि आधी समजावू लागलेच. जुनी सवय. माई, कालचं चुकलं असेल तर क्षमा करा, म्हणाले. आधी थोडं पाणी घ्या, साखर घ्या, मग आपण बोलू.

कौतिकाबाईंनी त्यांच्या तोंडाकडं पाहिलंच नाही. त्या पानाकडं पाहत होत्या.

"वाचा, सर."

"माई, तुम्हाला त्रास होईल, म्हणूनच मी काल..."

"तरास तं व्हतेच," त्या म्हणाल्या. "त्याच्याचसाठी तं येतो मी."



कौतिकाबाईंचा आवाज अगदी बारीक झाला होता. थांबत थांबत त्या बोलल्या. पोरगी गेली तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाण्याचा थेंब आला नव्हता. लोक काठानं शोधत होते, तेव्हा त्या भाकरी थापत होत्या. बाया म्हणाल्या, दगड आहे. नवरा म्हणाला, दगड आहे. त्यांनाही तसंच वाटलं. मग श्रावण आला, पोथीला बसल्या, आणि चौऱ्याहत्तराव्या पानाला पोथीतली माय रडायला लागली...

"तिच्यासंगं मले रडू आलं. सालातून एक डाव येते. बाकी दिवस मी दगडच हावो."

अंगणातल्या बायांनी माना खाली घातल्या.

"तुमी पोरगी जित्ती केली, सर," कौतिकाबाई म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "मंग तिची माय कायले रडन? अन् मी कोनापाशी रडू?"

मी सरांकडं पाहिलं नाही. मला पाहवलं नाही.

थोड्या वेळानं पान सरकल्याचा आवाज आला. सरांनी ते उचललं आणि उलटलं.

ते वाचू लागले. सुरुवातीला कॉलेजात वाचतात तसा कोरडा, स्वच्छ आवाज. होडी फिरली. लेकीचा हात एकदा वर दिसला, मग दिसला नाही. काठावर आई आली. तिनं डोहाला हाक मारली.

"डोहा रे डोहा, तुज मागते मी काय ।
बुडाली ती लेक, उभी तिची माय ॥
वेणी तिच्या केसांची, काल मीच घातली ।
सांग कुणा हाती, आज ती सुटली ॥"

कौतिकाबाईंचे डोळे मिटलेले होते. डोळे कोरडेच होते.

सर पुढच्या ओळीवर आले आणि थांबले.

त्यांनी घसा खाकरला. पुन्हा तोंड उघडलं. काहीच बाहेर आलं नाही. पान त्यांच्या हातात हलायला लागलं, आणि वारा तर तेव्हा पडलेला होता.

 वाचणाऱ्याला टोकायचं नाही.

 दोघांचेही हात थरथरत होते. आता ही बाई इथंच कोसळते की काय, अशी मला भीती वाटली.

मग कौतिकाबाईंनीच ती ओळ म्हटली. डोळे न उघडता, पोथीच्या चालीत.

"परत न मागे मी, एवढेच सांग..."

सरांनी ती ऐकली. आणि फुटक्या आवाजात पुढची वाचली.

"गार होते का रे, शहारले अंग?"

कौतिकाबाई रडल्या. आधी खांदे हलले, मग हुंदका आला, मग त्यांनी कपाळ उंबऱ्यावर टेकलं आणि पंचफुलाचं नाव घेऊन घेऊन रडल्या. शेवंता रडली. अंगणातल्या बाया रडल्या. मीही रडलो, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

सर उरलेल्या ओळी वाचत गेले. पान संपेपर्यंत त्यांनी सोडलं नाही. आवाज जायचा, यायचा, पण ते वाचत राहिले.

पान संपलं तेव्हा कौतिकाबाईंनी हात पुढं केला. शेवंतानं त्यात गुळाचा खडा ठेवला. त्यांनी तो खाल्ला, तांब्या तोंडाला लावला आणि अर्धा रिकामा केला. हळूहळू त्यांचे हात स्थिर झाले.

आम्ही उठलो तेव्हा त्यांनी पहिल्यांदा सरांच्या चेहऱ्याकडं नीट पाहिलं.

"तुमचं कोन गेलं, सर?"

सरांनी हात जोडले आणि ते वळले.

मठात बाबा तसेच बसलेले होते. सरांनी पान त्यांच्यापुढं ठेवलं. बाबांनी ते चाचपलं, डाव्या हाताच्या गठ्ठ्यावर नीट बसवलं आणि पोथी लाल फडक्यात बांधली. गाठ बसायचीच खोटी, मी चूल पेटवली. आदल्या दुपारपासूनची भूक होती. तांदूळ, डाळ, हळद, जे हाताला लागलं ते एकाच भांड्यात घातलं आणि आधण ठेवलं.

सर खांबाला टेकून बसले होते. 

"बाबा, हेमलतानं काही विचारलं नाही, असं मी सकाळी म्हटलं."

"म्हटलं."

"विचारलं होतं. 'तुम्ही पुढचं वाचलंय का?' असं विचारलं होतं. मी हो म्हटलं."

बाबांनी मान वळवून त्यांच्याकडं कान केला.

"पुस्तक तिचंच होतं," सर म्हणाले. "तिनंच मागून घेतलं होतं. पहिल्या पानावर तिचं लग्नाआधीचं नाव आहे. तिला शेवट माहीत होता, बाबा. मला आत्ता येताना वाटेत कळलं. तिला तोच शेवट माझ्या तोंडून ऐकायचा होता. म्हणजे मग आम्हाला बोलता आलं असतं... आणि मी तिला मासे धरणारी माणसं आणून दिली."

खिचडीला उकळी फुटली होती. हळदीचा वास सगळ्या मठात पसरला. भूक अनावर झाली होती, तरी डाव हातात घ्यायचं मला धाडस होईना.

"मी स्वतः ती पानं वाचलेली नाहीत," सर म्हणाले. "शेवटची अठरा. पुढं वाईटच होणार हे आधीच्या पानावरून दिसलं, तिथंच थांबलो. अजूनही नाहीत."

"पुस्तक कुठी हाय?"

"पेटीत."

 बाबांनी माझ्याकडं तोंड केलं.

"पुंजाजी," ते म्हणाले, "चूल इझव."